चेतनाच्या डॉक्टरबाई

डॉक्टर अनुश्री फार प्रेमळ बाई आहेत, असं धर्मपाल यांचं ठाम मत होतं. या मताला आधार एकच, त्यांचे मेसेज. धर्मपालांची मुलगी चेतना ते मेसेज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मोठ्यानं वाचून दाखवायची. आता त्या मेसेजांत डॉक्टरबाईंचं किती आणि चेतनाचं किती, हे एकट्या चेतनाला ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

झालं होतं असं. धर्मपाल मूळचे वऱ्हाडातले, रायपुरात रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं काढली, म्हणूनच की काय, रिटायर झाल्यावर बोलायला लागले ते थांबायलाच तयार नाहीत. हिवाळा संपता संपता त्यांना गरगरायला लागलं. नाडी मोजली तर बेचाळीस! नवा रायपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एका ज्युनिअर डॉक्टरनं तपासलं, छातीला ठोके नोंदणारी चोवीस तासांची पट्टी लावली आणि सांगितलं, आता पुढचं सगळं ॲपवर. हृदयाच्या मोठ्या डॉक्टर अनुश्री मॅडम रिपोर्ट पाहतील आणि लिहून कळवतील.

ॲप चेतनाच्या फोनवर. धर्मपालांच्या डोळ्यांतलं प्रेशर वाढलेलं, फोनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसायची नाहीत. त्यामुळे त्यांनी खाटेवर बसून सांगायचं आणि चेतनानं लिहायचं, अशी व्यवस्था ठरली. लिहायच्या चौकोनावर हिंदीत सूचना होती : ‘अपनी तकलीफ़ संक्षेप में लिखें.’ आता धर्मपाल आणि संक्षेप! या दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

“लिही,” ते म्हणायचे. “जय भीम डॉक्टरबाई. मी धर्मपाल, रेल्वेचा माजी गार्ड. तब्येत म्हणाल तर अशी आहे का सकाळी उठतो, मीरा चहा करते, साखर कमी टाकते ते वेगळं. मंग मी डोळ्यात थेंब टाकतो अन् जरा पडतो. उठलो का भिंत धरा लागते. आधी असं नोतं. हे थेंब सुरू झाले तवापासूनच हे नाटक आहे असं मले वाट्टे, पण मी काही डॉक्टर नोय. आता आमच्या टायमाले बिलासपूर लाईनवर एक ड्रायव्हर होता...”

“साखर जास्त टाकून मारू का तुमाले?” आतून मीराबाई ओरडायच्या. “हेबी लिही म्हणा डॉक्टरले, बायको गुणाची आहे म्हणून.”

चेतना मान हलवत टाइप करायची. लिहायची ते असं : ‘पेशंट पुरुष, वय अडुसष्ट. सकाळी चक्कर. ब्लडप्रेशरची एक गोळी चालू. बाकी औषध नाही.’ संपलं. ना जय भीम, ना चहा, ना थेंब, ना ड्रायव्हर.

तिला नावं ठेवायच्या आधी तिची नोकरी काय होती ते ऐका. चेतना नवा रायपुरातल्या एका सरकारी दफ्तरात होती. लोकांचे अर्ज यायचे चार-चार पानांचे. त्यात सासू-सासऱ्यांपासून सगळी हकीकत. चेतनानं त्याचा रस काढून साहेबांपुढे दोन ओळी ठेवायच्या. साहेब त्या दोन ओळींवर लिहायचे, ‘नाही.’ मग ते ‘नाही’ अर्जदाराकडे परत पाठवताना चेतना त्याला असं काही नटवायची, ‘आपल्या अडचणीची पूर्ण जाणीव ठेवून, अत्यंत खेदपूर्वक’, की अर्जदार नकार घेऊनही हात जोडून जायचा. वर जाताना कापायचं आणि खाली येताना गोड करायचं. या कामात तिचा हात धरणारं दफ्तरात कुणी नव्हतं. तोच हात घरी चालला, एवढंच.

कारण डॉक्टरबाईंची उत्तरं कशी असायची? ‘पाहिलं.’ ‘चालू ठेवा.’ ‘पट्टी रिपीट.’ बस! एखाद्यानं तोंडावर दार लावावं तशी उत्तरं. बाबा खाटेवर कान टवकारून बसलेले, “काय म्हणे बाई?” आणि त्यांना सांगायचं, ‘पाहिलं’ म्हणे? चेतनाच्या जिवावर यायचं. मग ती वाचायची, “धर्मपालजी, नमस्कार. तुमचा मेसेज वाचून बरं वाटलं. तुम्ही किती व्यवस्थित सांगता!” धर्मपाल खुलायचे. “पाहाय, याले म्हणते डॉक्टर. नाही तर तो आपला गल्लीतला, मान वर करून पाहत नाही.”

एकदा त्यांनी विचारलं, “अन् थेंबाचं काय म्हणे? मी सांगतलं होतं ना थेंबाचं?”

चेतनानं पडद्यावर बोट फिरवल्यासारखं केलं. मग म्हणाली, “काळजी करू नका म्हणे. उमर झाली की होतं थोडंफार.”

“मंग ठीक आहे,” धर्मपाल म्हणाले. त्यांनी तो विषय मिटवला.

पट्टीचा दुसरा रिपोर्ट गेला आणि त्याच दुपारी उत्तर आलं : ‘रिपोर्ट पाहिला. पेसमेकर लागेल. तारीख कळवा.’ चेतनानं ते ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचलं आणि हातातला समोसा तसाच राहिला. बाबांच्या छातीत मशीन! एवढी मोठी गोष्ट आणि एवढ्याशा ओळी! तिला त्या बाईचा असा राग आला की फोन उचलून भिंतीवर मारावा. मग रडू आलं. मग तोंड धुतलं आणि ती घरी गेली.

घरी सांगितलं तर धर्मपाल एका शब्दात मोकळे झाले. “नाही.”

“अहो, ऐकून तर घ्या,” मीराबाई म्हणाल्या.

“नाही म्हणजे नाही. माह्या छातीत तार घालून राहिले, मी काय रेडिओ आहो का? जितके दिवस चालते तितके चालू दे. मले हात लावा लागत नाही कोणी.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवले नाहीत. ज्या माणसाचं बोलणं कधी संपायचं नाही तो दोन दिवस गप्प राहिला, तेव्हा मीराबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. “काही कर वो चेतना,” त्या स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या. “मले हा माणूस असा पाहवत नाही.”

चेतनानं केलं. फोन घेऊन खाटेपाशी बसली आणि म्हणाली, “डॉक्टरबाईंचं पत्रच आलंय बाबा, मोठं.” फोनचा पडदा कोरा होता. त्याच्याकडे पाहत ती वाचत गेली : “धर्मपालजी, तुम्ही नाही म्हणालात ते कळलं. भीती वाटणारच. माझे बाबाही सुईला घाबरतात, इतके मोठे होऊन. इंजेक्शन म्हटलं की त्यांना बाथरूम आठवते. मला हसू येतं आणि पोटात तुटतंही. तुम्ही इतकी वर्षं दुसऱ्यांना सुखरूप घरी पोचवलं, आता एकदा दुसऱ्या कुणाला गाडी चालवू द्या. तुमच्याशिवाय घर कसं लागेल, याचा विचार करा. मी तुमचा हात सोडणार नाही.”

धर्मपाल भिंतीकडून इकडे वळले. मग म्हणाले, “परत वाच.”

आता कोऱ्या पडद्यावरचं परत कसं वाचायचं? पण चेतनानं वाचलं, थोडं इकडचं तिकडे झालं असेल. धर्मपालांनी उपरण्यानं डोळे पुसले. “इंजेक्शन म्हटलं का बाथरूम आठवते! माह्यासारखाच आहे वो तिचा बाप. सांग तिले, धर्मपाल तयार आहे म्हणा. तिच्या शब्दासाठी.”

मीराबाईंनी लगेच शिरा टाकला. चेतनाला वाटलं, जिंकलो! आणि दुसऱ्याच दिवशी ॲपवर सूचना आली : भरती होण्याआधी डॉक्टर अनुश्री पेशंटला स्वतः तपासतील, शनिवारी, सोबत आणा.

झालं! ज्या बाईच्या शब्दासाठी बाबा छाती पुढे करायला निघाले, ती बाई समोर बसून ‘पाहिलं, चालू ठेवा’ म्हणाली की संपलं. बाबा उठून चालते होतील आणि परत या जन्मात दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. आणि नाडी बेचाळीस. बेचाळीस नाडीचा माणूस रागावून किती दिवस बसू शकतो? तिनं शनिवार पुढे ढकलायचा प्रयत्न केला, नाही जमला. एकटीनं आधी जाऊन डॉक्टरबाईंच्या पाया पडावं असं वाटलं. पण बोलणार काय? ‘मॅडम, तुम्ही फार प्रेमळ आहात, तेवढं लक्षात ठेवा’?

इकडे धर्मपालांना लग्नाला निघाल्यासारखा उत्साह. गोल बाजारात जाऊन त्यांनी स्टीलचा नवा डबा घेतला, दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस करून. मीराबाईंनी त्यात सांबारवडी भरली. सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कोथिंबिरीची ही वडी मीराबाईंसारखी रायपुरात कुणाला जमत नाही, हे त्यांचं स्वतःचं मत. “एवढी मायेची पोरगी, कामाच्या धबडग्यात काय खात असंल, काय नाही,” त्या म्हणाल्या. शनिवारी मीराबाई मागे बसल्या, चेतना गाडी चालवत होती. नवा रायपूरचे रस्ते रुंद, मोकळे, एरवी गाडी उडते तिथं. त्या दिवशी ती इतकी हळू चालवत होती की धर्मपाल म्हणाले, “काहून वो, सिग्नल नाही भेटून राहिला का?”

डॉक्टर अनुश्री चाळिशीच्या आतल्या, केस घट्ट बांधलेले, डोळे कॉम्प्युटरवर. “आइए, बैठिए,” मान वर न करता म्हणाल्या. “धर्मपाल. बयालीस पल्स. ठीक है.”

“जय भीम डॉक्टरबाई,” धर्मपाल हात जोडून उभेच राहिले. डबा टेबलावर ठेवला. “हे तुमच्यासाठी. अन् पहिले सांगा, बाबा कसे आहेत तुमचे?”

डॉक्टरबाईंची मान वर झाली. “मेरे बाबा?”

“हाव. सुईले भेतात ना ते? माह्यासारखे.”

चेतनाला खोकल्याची उबळ आली. खोटी, आणि काही उपयोगाची नाही. डॉक्टरबाई आता मराठीत बोलल्या, नागपूरकडची मराठी, वापर नसल्यासारखी अडखळत, “माझे बाबा मी शाळेत असतानाच वारले, काका. तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच लिहिलं ना! एवढं मोठं पत्र. माह्याशिवाय घर कसं लागेल म्हणून. तुम्ही हात सोडणार नाही म्हणून.” धर्मपाल एकदा डॉक्टरबाईंकडे पाहत, एकदा चेतनाकडे. आवाज जरा खाली आला. “त्याच्यासाठीच तर आलो ना मी.”

“मी एवढं कधी कुणालाच लिहीत नाही,” डॉक्टर अनुश्री म्हणाल्या आणि चेतनाकडे वळल्या. धर्मपालांनी खुर्चीची पाठ धरली. आता हे उठणार, दाराकडे जाणार, चेतनाला स्वच्छ दिसत होतं. पण म्हातारा गार्ड होता. गाडी सोडायच्या आधी सगळं तपासून घ्यायची जन्माची सवय.

“मंग थेंबाचं?” ते म्हणाले. “थेंबाचं तरी वाचलं का नाही तुम्ही?”

“कसले थेंब?”

“डोळ्यातले. मी चार-पाचदा सांगतलं. थेंब टाकले का गरगरते म्हणून. तुम्ही म्हटलं, उमर झाली का होते.”

डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर सगळे मेसेज खालीवर केले. “इथं लिहिलंय, बाकी औषध नाही.” मग एकदम ताठ बसल्या. “कोणते थेंब? नाव सांगा.”

नाव कुणाला माहीत असणार! पण मीराबाईंच्या पर्समध्ये काय नसतं? रुमाल, वेलदोडे, सेफ्टी पिना आणि तळाशी ती एवढीशी बाटली, कारण दुपारचे थेंब बाहेर टाकावे लागले तर. डॉक्टरबाईंनी बाटली उजेडात धरली, बारीक अक्षरं वाचली आणि ‘अरे देवा’ असं चक्क मोठ्यानं म्हणाल्या. हृदयाचे डॉक्टर असं म्हणायला लागले की माणसानं काय समजावं? मीराबाईंनी टेबल धरलं.

“घाबरू नका, घाबरू नका,” डॉक्टरबाई गडबडीनं म्हणाल्या. “वाईट नाही. चांगलं असू शकतं. काका, हे थेंब डोळ्याचं प्रेशर कमी करतात. चांगलं औषध आहे. पण डोळ्यातून नाकात उतरतं, तिथून रक्तात जातं, आणि एखाद्याच्या हृदयाची गती कमी करतं. सगळ्यांची नाही. तुमची केली असेल.”

“म्हणजे मशीन?”

“आत्ता नाही. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी मी आजच बोलते, ते दुसरे थेंब देतील. मनानं काही बंद करायचं नाही. मग परत पट्टी लावू. नाडी वर आली तर मशीन कशाला?” त्यांनी बाटलीवरचं नाव टिपून घेतलं. “नाही आली तर लावू. पण न विचारता लावायला निघाले होते मी.”

तपासणी झाली. या वेळी दोन मिनिटांत नाही. डॉक्टरबाईंनी धर्मपालांना सकाळी उठल्यापासूनचं सगळं सांगायला लावलं, आणि तो बिलासपूर लाईनवरचा ड्रायव्हरही ऐकला. निघताना त्यांनी चेतनाला मागे थांबवलं. चेतना मान खाली घालून उभी राहिली, दफ्तरात कुणापुढे उभी राहिली नव्हती तशी.

“माझ्या नावानं जे लिहिलंत ते छान होतं,” डॉक्टर अनुश्री म्हणाल्या. “मला नसतं सुचलं. सुचलं असतं तरी वेळ नाही, असं मी स्वतःला सांगितलं असतं. पण त्यांचं जे तुम्ही काढून टाकलं ना ताई, तेच मला पाहिजे होतं.” मग जरा वेळानं, खालच्या आवाजात, “संक्षेपात लिहा हे मीच त्या ॲपवाल्यांना टाकायला लावलं होतं.”

परतीच्या रस्त्यावर मीराबाई मागे बसून डोळे मिटून होत्या. धर्मपाल पुढे, खिडकीबाहेर पाहत. मोठमोठे रिकामे चौक मागे पडत होते. चेतनाचे डोळे भरून येत होते आणि गाडी चालवताना ते पुसताही येत नव्हते.

“बाबा, रागावा ना काही तरी,” ती शेवटी म्हणाली. “माझ्यामुळे तुमच्या छातीत मशीन बसली असती.”

“त्याचा राग नाही मले. तू डॉक्टर थोडी आहे.” त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, “ते पत्र तूच लिहिलं होतं?”

“लिहिलं कुठं. तोंडानंच म्हटलं.”

“माह्याशिवाय घर कसं लागेल, हे तूच म्हटलं? मले पाहून पोटात तुटते, हेबी?”

“हो बाबा.”

“मंग आपल्या नावानं काहून नाही म्हटलं?” धर्मपालांचा आवाज फुटला. “मले वाटलं, कोण कुठली डॉक्टरबाई, तिले माही एवढी माया, अन् घरच्यायले नुसते माहे रिपोर्ट पडले आहेत. दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलो, तवा हेच डोक्यात होतं. तू एक डाव म्हटलं असतं ना, बाबा, मले तुमी पाहिजे, तं मी त्याच दिवशी आलो असतो.”

चेतनानं गाडी बाजूला घेतली. काय बोलणार? साहेबांच्या वतीनं, दफ्तराच्या वतीनं, डॉक्टरबाईंच्या वतीनं हजारो गोड शब्द लिहिलेली बाई, तिला स्वतःच्या वतीनं एक शब्द सापडेना. ती नुसती रडली. मागून मीराबाईंनी हात पुढे करून तिच्या खांद्यावर ठेवला.

थेंब बदलले. पुढचे मेसेज धर्मपाल स्वतः करायला लागले. फोनला तोंडानं सांगितलं की तो लिहितो, हे चेतनानं त्यांना शिकवलं, आणि ‘संक्षेप’वाली सूचना कुणी तरी काढून टाकलेली होती. फोन त्यांच्या वऱ्हाडीचं काय वाट्टेल ते करून लिहायचा, तरी ते सगळं जाऊ द्यायचे. पट्टी परत लागली. रिपोर्ट गेला. मग एका संध्याकाळी उत्तर आलं आणि चेतना फोन घेऊन खाटेपाशी आली. मीराबाई हातातली पोळी तशीच ठेवून दारात उभ्या राहिल्या.

“काय म्हणे?” धर्मपालांनी विचारलं.

चेतनानं वाचलं, आहे तसं. “‘सगळं वाचलं. नाडी चौसष्ट. मशीन नको.’”

“अजून?”

“अजून काही नाही बाबा. एवढंच आहे.”

“बस झालं,” धर्मपाल म्हणाले. “सगळं वाचलं म्हणते ना? बस झालं.” मीराबाई दारातच मटकन बसल्या आणि हसायला लागल्या, आणि मग रडायला.

चेतनानं फोन पालथा घालून बाजूला ठेवला. “बाबा,” ती म्हणाली, “आता हे डॉक्टरबाईंचं नाही. माझं आहे.”

धर्मपालांनी पाय आवरून खाटेवर तिला जागा करून दिली.

“मले लय भेव वाटून राहिलं होतं,” चेतना म्हणाली. ती घरात एरवी अशी बोलायची नाही. “तुम्ही गेले असते तर मी काय केलं असतं बाबा?”

“हाव,” धर्मपाल म्हणाले आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. “मलेबी भेव लागत होतं. सांग.”